राधाबाईची डावी बाजू

आमच्या मोहाडीत चौंडेश्वरीच्या देवळाच्या अलीकडे कोष्ट्यांची आळी लागते. त्या आळीत माझी पीठगिरणी आहे अन् गिरणीच्या भिंतीले भिंत लावून राधाबाई बारापात्रेचं घर आहे. माझी गिरणी घरघर करते, त्याइचा हातमाग खटक-खटक करते. कोणाचा आवाज कोणाले जास्त तरास देते, यावरून आमचं दोघीचं भांडण जुनं आहे. ते आम्ही मरेपर्यंत चालवणार, त्याच्यात तिसऱ्यानं पडायचं काम नाही.

तं गोष्ट राधाबाईची आहे. काही मोठी बाई नाही. पेपरात तिचा फोटो आला नाही, अन् आला असता तं तिनं त्याच्यावर लसूण निवडला असता. पवनीची पोरगी, कोष्ट्याचीच. लग्न होऊन इथं आली तवा सासूनं हात धरून तिले मागाच्या डाव्या बाजूले बसवलं, कारण तिथं खिडकी होती अन् उजेड होता. समोर चरखा ठेवला अन् म्हणाली, भर कांड्या. कांडी म्हणजे धोट्यात बसवायची सुताची नळी, अन् धोटा म्हणजे ताण्याच्या उभ्या धाग्यातून इकडून तिकडे पळणारा लाकडी तुकडा. आमच्या आळीत रिवाज असा, का माणसानं मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणायचं अन् बाईनं बाजूले बसून कांड्या भरायच्या. सासू गेली, खिडकीच्या फळ्या बदलल्या, पोरगा मोठा होऊन कमावता झाला, पण राधाबाई त्या जागेवरून हलली नाही.

तिचा नवरा गोपाळराव. कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड असं विणे का हातात घेतलं तं सोडावं नाही वाटे. बोलायचा मात्र भलता कंजूष. सारं बोलणं राधाबाईकडे होतं, अन् ते सकाळपासून दिवेलागणीपर्यंत त्याच्या डाव्या कानात चाले. कोणाची म्हैस व्याली, कोणाची सून रुसली, उषाबाईनं, म्हणजे मी, पिठात कसा कोंडा टाकला. तो हूं म्हणे. कांडी संपत आली का मान न फिरवता डावा हात बाजूले काढे, तळवा वर. बोलायचं काही नाही. राधाबाई त्या तळव्यावर भरलेली कांडी ठेवी. हात आत जाये, माग पुन्हा चाले. मी कितीदा तरी पाहिलं असन, तो हात रिकामा राहिला असं कधी झालं नाही. एकदा मी गंमत म्हणून तिच्या आधी त्या तळव्यावर भाजलेल्या शेंगा ठेवल्या, तं त्या बाबानं न पाहता शेंग धोट्यात बसवायले घेतली. राधाबाई हसून-हसून चरख्यावर आडवी झाली. गोपाळराव मात्र शांतपणे ते दाणे खाऊन गेला अन् हात पुन्हा बाहेर काढला.

आमच्याकडची आणखी एक रीत सांगते, नाही तं पुढचं समजणार नाही. मागावर नवा ताणा चढला का पहिला धोटा दोरीनं नाही मारत, हातानं टाकतात. नवऱ्यानं उजवीकडून टाकायचा, बायकोनं डावीकडून झेलायचा, धागा ताणून घ्यायचा अन् परत पाठवायचा. त्याले जोडीचा धोटा म्हणतात. मंग हळदकुंकू, गुळाचा खडा, अन् माग सुरू.

मागच्या उन्हाळ्यात राधाबाईची बोटं लय दुखाले लागली. सकाळी मूठ उघडे नाही. पोरगा भूपेंद्र तुमसरले मोबाईलच्या दुकानात काम करते, तो म्हणे, माय, बस कर आता. गोपाळरावनं त्याच्यावर हूं पण म्हटलं नाही. अन् एका संध्याकाळी राधाबाईचा पारा चढला. भिंतीपलीकडून मले शब्द न् शब्द ऐकू आला, मी काही कान लावून नव्हती बसली.

"आता मी कांड्या भरनार नाई," ती म्हणाली. "माह्या बोटाइची तुमाले काई पडली नाई. लावा दुसरी कोनी तुमच्या डाव्या बाजूले."

बाई रागात काय-काय बोलते. मी तं माझ्या नवऱ्याले याच्याहून कडू बोलली आहे अन् तो आजही दोन्ही वेळा जेवते. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी गोपाळराव मागावर बसला अन् माग अडखळला. खटक झाली अन् दुसरी खटक आलीच नाही. मी गिरणी बंद करून धावली. तो खड्ड्यात बसून होता, हातात धोटा, तोंड जरासं वाकडं, अन् नजर उजव्या भिंतीवर. राधाबाई डावीकडून हाका मारून राहिली होती अन् तो भिंतीकडे पाहून राहिला होता.

भूपेंद्रनं गाडी करून भंडाऱ्याले नेलं, तिथून नागपूरले. मेंदूच्या उजव्या बाजूले रक्ताची गाठ अडकली होती. वेळेवर नेलं म्हणून जीव वाचला, हातपाय वाचले. डावा हात थोडा मंद झाला, पण सांगितलं तं हले. घरी आणला तवा आळीतल्या बायाइनं ओवाळलं, राधाबाईनं देवीले नारळ फोडला, अन् आम्हाले वाटलं का संकट टळलं.

मंग जेवणाच्या वेळी पहिला घोळ झाला. राधाबाईनं ताट वाढलं. गोपाळरावनं ताटाच्या उजव्या अंगचा भात खाल्ला, उजवीकडची भाजी खाल्ली अन् हात थांबवला.

"आज लोनचं नाई काय?" तो म्हणाला. "अन् भात पन थोडासाच वाढला."

लोणचं डावीकडे होतं, जसं असते. अर्धा भात डावीकडे तसाच पडून होता, जसा कोणी सुरीनं कापून ठेवला. मी तिथंच होती. मी ताट उचलून अर्धं फिरवलं. तो म्हणाला, "हां, आता आनलं काय?" अन् बाकीचा भात खाऊन घेतला. थट्टा करते असं वाटलं मले. पण जन्मात ज्यानं थट्टा केली नाही तो माणूस दवाखान्यातून आल्यावर कायले करन?

दाढी केली तं उजवा गाल गुळगुळीत अन् डाव्यावर तणकट. दारातून जाताना डावा खांदा चौकटीले ठोकून घे अन् चौकटीलाच शिव्या दे. सदरा घातला तं डावी बाही लोंबकळत राही. एक डाव त्याचाच डावा हात मांडीवर पडलेला पाहून मले विचारते, उषाबाई, हा कोनाचा हात आहे जी? मी म्हटलं, तुमचाच आहे, दुसऱ्याचा कोण इथं विसरून जाईन? तो म्हणे, असन.

पण याच्यात खरा घाव बसला तो राधाबाईले. ती आपल्या जागेवर बसलेली, खिडकीजवळ, त्याच्या डाव्या अंगाले. अन् तो भूपेंद्रले विचारे, "तुही माय कुठं गेली रे?"

"मी इथंच आहो ना जी," राधाबाई म्हणे.

आवाज ऐकून तो मान फिरवे, पण उजवीकडे. कपाटामागं पाहे, दाराकडे पाहे. म्हणे, आवाज येते, बाई दिसत नाई. काही दिवस असं विचारलं त्यानं. मंग विचारणंच सोडलं. जशी राधाबाई नावाची कोणी त्या घरात राहतच नव्हती. अन् त्या बाईचा रोजचा बोलण्याचा नळ बंद झाला. भिंतीपलीकडून काही ऐकू येईना तवा मले गिरणीतच करमेना. भांडायले माणूस तं पाहिजे ना.

एक दिवस ती गव्हाचा डबा घेऊन आली, डबा ठेवला अन् तिथंच पोत्यावर बसली.

"त्याइनं माहं बोलनं मनावर घेतलं," ती म्हणाली. "मी म्हटलं होतं ना, दुसरी लावा म्हून. आता ते माह्याकडे पाहतच नाई. सगळं बरं झालं त्याइचं, माह्याकडे पाहनं तेवढं राहिलं."

"काहीही काय बोलते व," मी म्हटलं. "त्याले लोणचं पण दिसत नाही. लोणच्यावर राग आहे काय त्याचा? अन् तुले दिसाचंच असन तं उजवीकडे जाऊन बस. चरखा उचल, तिकडे मांड. झालं काम."

"नाई."

"काहून नाई?"

"माही जागा थे नाई होय," ती म्हणाली. "मी तिकडे गेली तं इकडचं मेलं असंच समजा."

साऱ्या आळीनं सांगून पाहिलं. भूपेंद्रनं तं एकदा चरखा उचलून नेला पण. हिनं परत आणला. मी तिले म्हटलं, तुझ्यासारखी हट्टी बाई मी आरशात सोडून कुठं पाहिली नाही.

नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं का भंडाऱ्याले व्यायाम शिकवणाऱ्या बाईकडे नेत जा. तिचं नाव दीपमाला. पोरगी लहानच, पण समजावून सांगायची हातोटी लय चांगली. मी सोबत गेली, कारण राधाबाई तिथं तोंड उघडणार नाही हे मले माहीत होतं.

दीपमालानं आधी त्याचे डोळे पाहिले, मंग आम्हाले बाजूले घेऊन म्हणाली, "काकू, डोळे चांगले आहेत. डाव्या बाजूचं चित्र डोळ्यात जाते. पण डोळ्यात गेलं म्हणजे ध्यानात आलं असं नसते. ध्यान तिकडे नेणारा मेंदूचा भाग दुखावला आहे."

"मंग त्याले डावीकडे अंधार दिसते काय?" मी विचारलं.

"अंधार दिसला असता तर बरं होतं, त्यांना समजलं असतं काहीतरी बिघडलं आहे. आता तुम्हीच सांगा, तुमच्या पाठीमागं या घडीले तुम्हाला काय दिसते? काळं दिसते?"

मी विचार केला. काळं दिसत नव्हतं. पांढरंही दिसत नव्हतं. पाठीमागं काहीच नव्हतं, अन् काही नाही याचं मले आतापर्यंत कधी काही वाटलं पण नव्हतं.

"काकाची डावी बाजू अशी झाली आहे," दीपमाला म्हणाली. "ते रागावले नाहीत. बहाणा पण करत नाहीत. जे नाहीच, ते दिसत नाही म्हणून माणूस तक्रार कशी करन?"

राधाबाईनं मान हलवली, पण तिच्या तोंडावरून मले दिसलं का तिले हे पटलं नाही. रागाचं दुखणं समजते, हे कुठलं दुखणं?

मंग दीपमालानं दोन दुपट्टे काढले, एकाच रंगाचे. एकाले डाव्या कोपऱ्यात इस्त्रीनं जळून भोक पडलं होतं. दोन्ही गोपाळरावपुढं एकाखाली एक पसरले.

"काका, दोन्हीत काही फरक?"

गोपाळरावनं बोटं फिरवली. कापडाच्या बाबतीत तो कधी घाई करत नाही. "नाई," तो म्हणाला. "सारखेच आहेत."

"घ्यायचा असला तर कोणता घ्याल?"

त्यानं चांगला उचलला. दीपमालानं वरचा खाली, खालचा वर केला अन् पुन्हा विचारलं. पुन्हा चांगलाच. असं लय वेळा केलं. जळका त्यानं एक-दोन डावच उचलला असन.

"हाच काहून, काका?"

"असंच," गोपाळराव म्हणाला. "हा बरा वाटते."

तवा पहिल्यांदा राधाबाईनं तोंड उघडलं. "म्हंजे त्याइले भोक दिसते?"

"आत कुठं तरी पोचते. पण पोचलं आहे, हे त्यांना कळत नाही."

"मंग कळते कोनाले?"

दीपमाला हसली. "काकू, हे अजून कोणालेच पक्कं माहीत नाही. मोठमोठे शास्त्रज्ञ याच्यावर भांडत आहेत. मेंदू आपल्याला न सांगता लय कामं करून घेते, एवढं मात्र खरं."

राधाबाईनं त्या जळक्या भोकावरून बोट फिरवलं. मंग हळूच विचारलं, "मी पन पोचत असन काय तशी?"

त्या पोरीचं मले हे आवडलं का तिनं उगाच गोड बोलून वेळ मारून नेली नाही. ती म्हणाली, "सांगता नाही येत, काकू. पोचत असाल, नसाल. पण तुम्ही डावीकडे बसता ते चांगलं आहे. तिथूनच बोलत राहा, त्यांच्या डाव्या हाताले हात लावत राहा. ध्यान तिकडे ओढायले कोणी तरी तिकडे पाहिजे."

घरी येताना राधाबाईनं बसमध्ये माझ्याकडे असं पाहिलं, का पाहा, कोणाचं खरं निघालं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

मंग मेहनत सुरू झाली. मागाच्या डाव्या खांबाले लाल फीत बांधली. धोटा गेला का मान फिरवायची अन् लाल फीत दिसेपर्यंत फिरवतच न्यायची, असं दीपमालानं शिकवलं होतं. सांगितलं तं तो करे, नाही सांगितलं तं विसरे. राधाबाईनं बोलण्याचा नळ पुन्हा सोडला. लाल फीत पाहा जी, ताटाचा काठ पाहा जी, उषाबाईच्या पिठात आज पुन्हा कोंडा आहे जी. तो हूं म्हणे, पण उजवीकडे पाहून म्हणे.

माग त्यानं सोडला नाही. पण कापड असं निघे का पाहून रडू यावं. उजवा काठ सुतानं मापल्यावानी सरळ. डावीकडे ताण्याचे धागे तुटून लोंबलेले, एक पण जोडलेला नाही, अन् कापड तिकडून आत-आत सरकत गेलेलं. तो उजव्या काठावरून हात फिरवे अन् म्हणे, पाहा, कसा उतरला. राधाबाई म्हणे, बेस उतरला जी. दुपारी तो झोपला का ती खड्ड्यात उतरे अन् त्या दुखऱ्या बोटाइनं डावीकडचे धागे जोडत बसे. दिसते आहे ना मले सारं खिडकीतून. मी एकदा म्हटलं, कायले करते हे, त्याले तं समजत पण नाही. ती म्हणाली, कापडाले समजते.

एक गोष्ट मात्र परत आली नाही. तो हात. कांडी संपली का गोपाळराव थांबे, इकडे-तिकडे म्हणजे उजवीकडेच पाहे, अन् भूपेंद्रनं उजव्या बाजूले ठेवलेल्या टोपलीतून कांडी घे. डावा हात कामापुरता धागा ठोकायची फळी लोटे, नाही तं मांडीवर पडून राही. राधाबाईनं भरलेल्या कांड्या भूपेंद्र सकाळी त्या टोपलीत टाकून जाये, अन् ती नुसती पाहत राही.

भादव्यात तिच्या भाच्याचं पवनीले साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. ती जाणार नव्हती. मीच म्हटलं, जाऊन ये, एक दिवस मी बसते. निघताना दारात उभी राहून म्हणाली, "मी असली काय अन् नसली काय, त्याइले काय फरक पडते?" आवाजात राग नव्हता. मले तिचा राग पाहिजे होता, हे ऐकायचं नव्हतं.

ती गेली. मी तिच्या जागेवर बसली, चरख्यापाशी, डाव्या अंगाले. गोपाळरावले मी पण दिसत नव्हती, ते तं झालंच. थोडा वेळ माग चालला. मंग त्यानं थांबवला.

"पंखा बंद केला काय कोनी?" तो म्हणाला.

पंखा चालू होता. मी सांगितलं. पुन्हा दोन हात चालवून थांबला. म्हणे, दार उघडं आहे काय? दार रोजच उघडं राहते. मंग पाणी मागितलं, प्यायला नाही. खड्ड्यातून वर आला, घरभर फिरला, डावा खांदा चौकटीले ठोकला, पुन्हा खाली बसला. मी ताट वाढलं, फिरवून-फिरवून ठेवलं, पण त्यानं घास उचलला नाही.

"काय होऊन राहिलं जी तुम्हाले?" मी विचारलं.

"काई तरी कमी आहे," तो म्हणाला. "काय आहे ते समजत नाई."

राधा कुठं गेली, असं त्यानं विचारलं नाही. कायले विचारन? त्याच्या हिशोबानं ती कितीतरी महिन्यांपासून तिथं नव्हतीच. मी गिरणीत जाऊन फोन लावला अन् म्हटलं, लाडू बांधून घे अन् मिळन त्या गाडीनं निघ.

ती आली तवा उन्हं उतरली होती. मी दारातच बोट ओठाले लावलं. तिले वाटलं काही वाईट झालं, तिचा चेहरा उतरला. मी तिले हातानं धरून तिच्या जागेवर बसवलं अन् स्वतः उजवीकडे जाऊन उभी राहिली. ती बोलली नाही, चरखा फिरवला नाही. नुसती बसली.

गोपाळराव खड्ड्यात बसून धोटा या हातातून त्या हातात करून राहिला होता. थोडा वेळ गेला. मंग त्यानं एक लांब श्वास सोडला. खांदे खाली आले. धोटा जागेवर ठेवला.

"उषाबाई," तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "भूक लागली जी."

राधाबाईनं पदर तोंडाले लावला. मी पण रडली, लपवलं नाही. मंग तिले दिवसभराचं सगळं सांगितलं, पंखा, दार, पाणी, काही तरी कमी आहे म्हणाला ते. ती पुन्हा-पुन्हा विचारे, काय म्हटलं त्याइनं? अन् मी पुन्हा-पुन्हा सांगे.

भूपेंद्र घरी आल्यावर म्हणाला, मायच्या बांगड्यांचा आवाज आला असन. दीपमाला पण म्हणाली, आवाज असन, अंगाचा वास असन, डोळ्याच्या कोपऱ्यातली सावली असन. असू द्या ना बांगड्या. बांगड्या तं मी पण घालते, सकाळपासून बसून होती, माझ्या बांगड्यांनी तो काहून शांत नाही झाला?

त्या दिवसापासून राधाबाईनं, मी असली काय नसली काय, हे बोलणं सोडलं. पण एवढ्यानं तिचं मन भरलं असं नाही. ती मले म्हणाली, "त्याइच्या आत कुठं तरी मी आहो, हे समजलं. पन त्याइले एकदा समजाव ना बाई, का मी कुठं गेली नाई. मी जे बोलली थे केलं नाई."

दसऱ्याले नवा ताणा चढवला. जोडीचा धोटा टाकायचा होता. आळीतल्या बाया जमल्या, भंडाऱ्याहून दीपमाला पण आली. भूपेंद्र म्हणत होता का मायनं निदान आजच्या दिवस उजवीकडून धोटा द्यावा, म्हणजे बाबा तिले पाहतील. राधाबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं का तो आपट्याची पानं निवडत बसला.

गोपाळरावनं धोटा हातात घेतला, कपाळाले लावला, अन् ताण्यातून डावीकडे सोडला. तो लाल फितीपलीकडे गेला अन् गोपाळरावच्या लेखी जगातूनच गेला. राधाबाईनं झेलला, धागा ताणला, हळद लावली अन् परत सोडला. धोटा हाताशी आला तवा तो जरा चकित झाल्यासारखा पाहत राहिला, मंग गुळाचा खडा तोंडात टाकून विणायले लागला. मान काही फिरली नाही. बाया एकमेकीले सोनं देत पांगल्या. राधाबाईनं चरखा पुढं ओढला. तिच्याकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही.

पूजेच्या गडबडीत भूपेंद्रकडून कांड्याची टोपली उजवीकडे ठेवायची राहून गेली. पूजेची कांडी लहानच भरतात, ती लवकर संपली. माग थांबला. गोपाळरावनं उजवीकडे पाहिलं नाही. समोर काठाकडे पाहत बसला, काही विचारात असल्यावानी. अन् मांडीवर पडलेला तो डावा हात उचलला गेला, हळूहळू बाजूले निघाला, अन् तळवा वर करून थांबला.

राधाबाईच्या हातात भरलेली कांडी होती. पण ती त्या तळव्याकडे पाहतच राहिली. जो हात कधी रिकामा राहिला नव्हता तो त्या दिवशी राहिला. मी म्हटलं, दे ना व. तवा तिनं कांडी ठेवली अन् ठेवताना तिचा हात तिथंच राहिला.

गोपाळरावची बोटं मिटली. कांडीसंगं तिची बोटं पण त्या मुठीत आली. त्यानं आपल्या मुठीकडे पाहिलं, मंग बांगड्यांकडे, मंग मनगटाकडे. मान फिरत-फिरत लाल फितीपर्यंत आली अन् तिथं थांबली नाही.

"तू इथंच होती काय व?" तो म्हणाला.

"मंग कुठं जाऊ?"

तो तिच्याकडे पाहत राहिला. "मले वाटलं," तो म्हणाला, "तू कांड्या भरनं सोडलं."

म्हणजे ते बोलणं त्याच्या ध्यानात होतं. इतके महिने, सगळं हरवलं तरी ते होतं.

"सोडलं होतं," राधाबाई म्हणाली. "मंग पुन्हा धरलं."

"बोटं दुखते काय?"

हे विचारायले त्या माणसाले मरणाच्या दारातून परत यावं लागलं. राधाबाईनं नुसती मान हलवली, अन् दुखते का नाही दुखत, ते त्या मान हलवण्यातून कोणाले समजलं नसतं. गोपाळरावनं तिची बोटं अंगठ्यानं जराशी दाबली, सोडली, कांडी धोट्यात बसवली अन् कामाले लागला.

बरा झाला असं मी म्हणणार नाही. दीपमालानं तेव्हाच सांगितलं होतं का असं येते अन् जाते. माग पुन्हा खटक-खटक चालू झाला, त्याची मान उजवीकडे वळली, अन् थोड्या वेळानं माझ्याकडे पाहून तो म्हणाला, "उषाबाई, हे राधा कुठं गेली जी?"

अन् हे विचारताना त्याचा डावा हात बाजूले निघालेला होता, तळवा वर. राधाबाईनं हसत त्याच्यावर कांडी ठेवली.